शिडाचा ब्रेक

खाली शेडमध्ये ड्रिल सुरू झालं की वर माझ्या खोलीच्या काचा थरथरायच्या. थोडे दिवस मी सोसलं. मग एका संध्याकाळी खिडकीतून ओरडलेच, "धाकट्या, बोट दुरुस्त करतोयस की घर पाडतोयस?" त्याने लगेच ड्रिल बंद केलं, वर बघितलं आणि गोड आवाजात म्हणाला, "झालंच ताई, पाच मिनिटं." मला असा संताप आला म्हणून सांगू! पूर्वीचा माझा भाऊ असता तर म्हणाला असता, कानात बोळे घालून बस.

हात गेल्यापासून घरात हे असंच चाललं होतं. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. एक दिवस ऑफिसच्या ओल्या जिन्यावरून घसरले, खांद्यावर आपटले आणि आतली नस तुटली. उजवा हात लोंबला तो लोंबलाच. डॉक्टर म्हणाले, हात शाबूत आहे, पण आता तो तुमचं ऐकणार नाही. झालं! त्या दिवसापासून जो तो माझ्याशी दबक्या आवाजात बोलायला लागला. धाकटा आणि भावजय खाली राहतात, मी वर. एरवी माझ्याशी जिन्यातल्या चपलांवरून भांडणारी भावजय आता जिन्यात उभी राहून "ताई, काही हवं का?" असं विचारायची, आणि मी नको म्हटलं तरी तशीच उभी राहायची.

आणि मधे ती बोट. आम्हा दोघा भावंडांची. लहानशी, एका शिडाची, बुटकी आणि पोटात जड, त्यामुळे सहजासहजी उलटत नाही. सुकाणूला मी बसायचे, पुढे धाकटा. मी हुकूम सोडायचे, तो दोऱ्या ओढायचा आणि चुकला की माझ्या शिव्या खायचा. आमचं उत्तम चाललं होतं. पण सुकाणूच्या दांड्याला एक हात लागतो आणि शिडाच्या दोरीला दुसरा. दुसरा आणायचा कुठून?

"तू नुसती बस ना पुढे," धाकटा म्हणाला होता. "मी चालवतो."

"सामान म्हणून मी बोटीत बसणार नाही," मी सांगून टाकलं. जन्मभर मी शिकाऊ लोकांच्या शेजारच्या सीटवर बसले हे खरं, पण तिथे माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असायचा. नुसतं बसून पाणी बघणं मला जमायचं नाही. बोट क्लबला देऊन टाका, म्हटलं. क्लबवाले महिनाअखेरीस घेऊन जायला तयारही झाले होते.

धाकट्याने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बोट शेडमध्ये आणून ड्रिल चालवायला सुरुवात केली. त्याचा धंदा खिडक्यांना पडदे बसवण्याचा. दोऱ्या, कप्प्या, रूळ, आकडे यांतच त्याचा दिवस जातो. आता ते सगळं बोटीवर चढायला लागलं. भावजय एकदा वर येऊन कुरकुरली, "ताई, आमच्या झोपायच्या खोलीचा पडदा आता हाताने..." आणि तिथेच तिने जीभ चावली. हल्ली माझ्यासमोर 'हात' हा शब्दही कुणी काढत नसे. "म्हणजे खुर्चीवर चढून सरकवावा लागतो," तिने कसंबसं वाक्य पुरं केलं. "दोरी बोटीला गेली."

शेवटी एक दिवस धाकटा वर आला. बोटांना चिकटपट्ट्या, केसांत लाकडाचा भुसा. "ताई, एकदाच बस. सुकाणूला, पुढे नाही. एका हाताने चालेल अशी केलीय मी बोट. नाहीच जमलं तर क्लबला देऊन टाकू. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

मी हो म्हटलं. त्याच्या हट्टाला कंटाळून म्हटलं, असं मी भावजयीला सांगितलं. खरं काय ते माझं मला माहीत होतं. बसले नाही तोवर मला म्हणता येत होतं की मलाच नको आहे. बसले आणि जमलं नाही, तर मग संपलं. मग मी बोट सोडली असं म्हणायला जागा उरणार नव्हती, बोटीने मला सोडलं असंच झालं असतं.

रविवारी सकाळी तलावाच्या काठावर गेलो. बोट चाकांच्या गाड्यावर उभी होती, पाण्यापासून चार पावलांवर. धाकट्याने मधोमध एक सीट बसवली होती, आमच्याच स्कूलच्या भंगारात काढलेल्या गाडीची. माणूस तोंड पुढे करून आरामात बसेल आणि बोट कलली तरी घसरणार नाही. पूर्वी शीड चढवायला, उतरवायला, आवळायला पुढे डोलकाठीपाशी धडपडत जावं लागायचं. आता सगळ्या दोऱ्या डोलकाठीच्या बुडाशी कप्प्यांतून वळून, तळाला धरून सीटपाशी एका फळीवर आल्या होत्या. प्रत्येकीचा रंग वेगळा. फळीवर प्रत्येक दोरीला एक दातेरी चिमटा. दोरी ओढली की चिमटा तिला धरून ठेवतो, वर उचलली की सोडतो. सुकाणूच्या दांड्याला बाथरूमच्या पडद्याची नळी जोडून ती सीटपर्यंत आणली होती, आणि सुकाणूला दोन्ही बाजूंनी जाड इलॅस्टिक बांधलं होतं. दांडा सोडला तरी तो जागेवर राहणार. म्हणजे एकच हात आधी दांड्यावर, मग दोरीवर, पुन्हा दांड्यावर. गुणी आहे हो माझा भाऊ, मनात आलं.

"बस की," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

भावजयीने मला आधार दिला, मी सीटवर बसले. समोर शीड, डोक्यावर आभाळ, खाली लाकडाचा ओळखीचा वास. किती दिवसांनी! मग मी दांडा शोधायला डावा हात पुढे केला.

दांडा नव्हता. दोऱ्याही नव्हत्या. सगळं उजवीकडे होतं. फळी माझ्या उजव्या गुडघ्यापाशी, चिमटे उजव्या हाताला सोयीचे तिरके बसवलेले, नळीचं टोक उजव्या कोपराशी. आणि तिथेच मांडीवर माझा उजवा हात पडलेला, जसा रोज पडलेला असतो तसाच.

"धाकट्या."

"काय ग ताई? सीट उंच झाली का?"

"माझा कुठला हात गेलाय रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. खाली वाकून तो गाड्याचं चाक तपासायला लागला, जसं काही चूक चाकात होती.

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "अरे गाढवा! बिनडोक माणसा! इतके महिने माझ्या समोर बसून जेवतोस, मी डाव्या हाताने सांडत खाते ते दिसलं नाही तुला? भिंतीला चुकीच्या जागी भोक पाडल्यावर गिऱ्हाईक तुला उभं करतं का दारात? अक्कल काय पडद्याच्या खोक्यात ठेवून आलास?" काठावर दुसरी बोट धूत असलेले दोघे हातातलं काम टाकून बघायला लागले. मी थांबले नाही. किती महिन्यांचं साठलं होतं कोण जाणे.

"मी हात बांधून करून बघितलं होतं ग," तो पुटपुटला.

"कसला हात बांधून?"

"तुला कसं पडतं ते कळावं म्हणून. माझा एक हात पट्ट्याला बांधायचो आणि सगळं एका हाताने करून बघायचो. प्रत्येक चिमटा तसा बसवलाय."

"कुठला हात बांधायचास?"

"डावा," तो म्हणाला. मग कपाळावर हात मारून घेतला. "स्वतःच बांधायचा म्हणजे उजव्यानेच बांधणार ना मी! उजवा कसा बांधू? तेवढ्यावरच... मग डोक्यात एक हात, एक हात, एवढंच राहिलं. पाण्यातसुद्धा नेऊन बघितली."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

"हात बांधून?" मी किंचाळले. हा माणूस पाण्याला असा भितो की मी बरोबर असल्याशिवाय गुडघाभर पाण्यातही उतरत नाही. "बुडाला असतास म्हणजे?"

"मग तूच का नाही आलीस आधी बघायला?" आता तोही ओरडला. "शेड काय दुसऱ्या गावात होती? वर खिडकीत बसून नुसते हुकूम! एकदा खाली उतरून बघितलं असतंस तर पहिल्याच भोकाला कळलं असतं! आडमुठी आहेस तू तायडे, पहिल्यापासून आडमुठी!"

भावजय घाबरून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरात कुणीतरी माझ्यावर ओरडलं होतं! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा! मी काचेची नव्हते. मी आडमुठी होते, जशी होते तशीच. माझा जीव असा भांड्यात पडला की मला त्या सीटवरून उठवेना.

धाकटा मात्र गाड्याच्या कडेला मटकन बसला होता. "जाऊ दे ताई. सगळी भोकं उजवीकडे पडलीत. देऊन टाकू क्लबला."

"देतंय कोण? स्क्रू काढ."

तो पुढचा आठवडा मी शेडमध्ये काढला. धाकटा कामावरून आला की मी खाली हजर. जुनी भोकं त्याने पुट्टीने बुजवली आणि फळी डावीकडे घेतली. वाटलं, झालं, आरशातल्यासारखं उलटं केलं की काम फत्ते. कसलं काय! शीड चढवायची दोरी डोलकाठीच्या उजव्या अंगाने खाली येते. ती डावीकडे वळवली तर काठीलाच घासायला लागली आणि इतकी जड झाली की एका हाताने हलेना. आम्ही खूप वाद घातला. शेवटी मी म्हटलं, तिला वरून ओलांडू नकोस, सीटच्या खालून काढ, एक कप्पी वाढली तर वाढू दे. धाकट्याने मान हलवली, नाही जमणार म्हणाला, करून बघितलं आणि जमलं. तो तसं कबूल करत नाही, नुसता शिट्टी वाजवतो. त्याने शिट्टी वाजवली.

परीक्षा म्हणून बोट शेडमध्येच गाड्यावर ठेवून मी आत बसायचे आणि धाकटा बाहेरून ती गदागदा हलवायचा, म्हणजे लाटा. मग म्हणाला, मलाही करून बघू दे. या वेळी त्याचा उजवा हात भावजयीने बांधला. मनापासून बांधला, पडद्याचं उट्टं काढलं. आणि काय गंमत सांगू, त्याला काहीच येईना! दोरी चिमट्यात बसेना, दांडा सापडेना, डाव्या हाताची बोटं एकमेकांत अडकायला लागली. मी तोवर डाव्या हाताने बटणं लावत होते, पाव कापत होते, सही करत होते, रडत-चिडत का होईना. हे सगळं मला त्याच्यापेक्षा भरभर जमत होतं. दोन हातांच्या माणसाला जे येत नव्हतं ते मला येत होतं. हे मी त्याला चारदा बोलून दाखवलं.

पण एक गोष्ट मला खुपत होती. वाऱ्याचा सपकारा आला की शिडाची दोरी ताबडतोब सैल सोडावी लागते, नाहीतर बोट कलते. त्याच क्षणी दांडाही धरावा लागतो. तेव्हा एक हात दोन ठिकाणी कसा जाणार? धाकट्याने इलॅस्टिक आणखी आवळलं. मी म्हटलं, त्याने भागणार नाही. दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. मग त्या गाडीच्या सीटवर बसल्या बसल्या माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि जमिनीवर दाबला गेला. कित्येक वर्षांची सवय! शिकाऊ माणूस चुकला की पाय जातोच.

"धाकट्या," मी म्हणाले, "मला ब्रेक पाहिजे."

"बोटीला?"

"शिडाला."

आधी त्याने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं, मग उठला आणि भंगारवाल्याकडे गेला. ज्या गाडीची सीट होती तिचंच माझ्या बाजूचं ब्रेकचं पेडल तो काढून घेऊन आला. दाराच्या बिजागरीवर ते बसवलं. एका पट्टीने ते शिडाच्या दोरीच्या चिमट्याला जोडलं. पेडल दाबलं की पट्टी दोरीला चिमट्यातून वर उचलणार, दोरी सुटणार, शीड ढिलं. चार वेळा ते अडकलं, पाचव्यांदा दोरी सर्रकन सुटली. धाकट्याने इतकी लांब शिट्टी वाजवली की भावजय बाहेर बघायला आली.

पुढच्या रविवारी आम्ही पाण्यात उतरलो. मी सीटवर, धाकटा पुढे, भावजय काठावर कोरड्या कपड्यांची पिशवी घेऊन. तिला खात्रीच होती की आम्ही भिजून येणार. मी डाव्या हाताने शीड चढवलं. दोरी ओढायची, चिमट्याने धरायची, पुन्हा ओढायची. हळूहळू चढलं, पण चढलं, माझं मी चढवलं. वारा भरला आणि बोट काठापासून सुटली.

धाकटा दर क्षणाला मागे वळून बघत होता. "ताई, ओढू का?" "ताई, धरू का?" काय ओढणार आणि काय धरणार? त्याच्याजवळ एकही दोरी उरली नव्हती. सगळ्या त्यानेच माझ्याकडे आणून दिल्या होत्या. बिचारा काठ घट्ट धरून बसला होता.

तलावाच्या मध्यावर टेकडीच्या खिंडीतून वारा एकदम येतो. तो आला. आधी पाणी काळं झालेलं दिसलं, मग शीड फुगून टणक झालं आणि बोट एका अंगावर गेली. पाणी कडेला आलं. धाकटा मागे झेपावला, दोन्ही हात पुढे करून. त्याच्या आधी माझा पाय गेला होता. दोरी सर्रकन सुटली, शीड फडफडलं आणि बोट सावकाश सरळ उभी राहिली. माझा हात दांड्यावरून हललासुद्धा नाही.

धाकटा तसाच गुडघ्यांवर होता, हात हवेत.

"बस जागेवर," मी म्हणाले. "चालत्या गाडीत उभं राहायचं नसतं."

तो बसला. मी दांडा सोडला, इलॅस्टिकने तो धरला. डाव्या हाताने दोरी थोडी थोडी आत घेतली, पुन्हा दांडा हातात घेतला. बोट चालू लागली. एकदा जमलं की भीती जाते म्हणतात, तसं काही झालं नाही. भीती होती. पण ती नेहमीची, बोटीतली भीती होती, आणि ती मला हवीच होती. हात गेल्याची नव्हती. मला वाटलं जोरात ओरडावं, म्हणून ओरडलेही. लांबवरच्या बगळ्यांनी माना वर केल्या.

मग वारा स्थिर झाला आणि आम्ही लांबच लांब सरळ जात राहिलो. मी धाकट्याशी बोलत होते. सीटला अजून एक उशी लागेल म्हटलं. पुढच्या वेळी पलीकडच्या काठापर्यंत जाऊ म्हटलं. उजवीकडची पुट्टी नीट घासली नाहीस, दिसते, असंही म्हटलं. तो काही बोलेना. चिडला की काय म्हणून मी शिडाच्या कडेने वाकून बघितलं.

तो झोपला होता. काठाला पाठ टेकून, पाय पसरून, तोंड उघडं टाकून चक्क घोरत होता. काठ धरलेले हात सुटून मांडीवर आले होते. बोटीत त्याने कधी पाठसुद्धा टेकलेली मी पाहिली नव्हती. त्या जिन्यावरून मी पडले त्या दिवसापासून त्याची नजर माझ्यावरून हटलेली नव्हती. मी उठले की तो उठायचा, मी पाणी घेतलं की तो पेल्याकडे बघायचा. आता माझ्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं. बोटीत जागी असलेली मी एकटीच होते आणि तोही माझ्याच जिवावर बिनघोर झोपला होता.

मी रडले थोडीशी. पुसायला हात मोकळा नव्हता, वाऱ्याने वाळलं.

काठ जवळ आला तशी भावजय दिसायला लागली. पिशवी हलवून ती मला काठाला बोलवत होती. मी मान हलवून नाही म्हटलं. काठाला लागताना बोट आपटते आणि आपटली असती तर तो उठला असता. मी दांडा ढकलला, शीड दुसऱ्या बाजूला जाऊ दिलं आणि बोट पुन्हा मोकळ्या पाण्याकडे वळवली.